नवी इमारत, जुनी पाटी

गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी आम्ही मंडळाचे सात-आठ सभासद एक नवे हायस्कूल पाहून आलो. बडोद्याच्या पूर्वेला, जिथे वीस वर्षांपूर्वी शेते होती, तिथे आमच्याच वाडवडिलांनी स्थापन केलेल्या एका शिक्षणसंस्थेने ही इमारत उभी केली आहे. येत्या जूनपासून तिथे नववी ते बारावीचे वर्ग भरू लागतील. संस्थेचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. जे लिहावयाचे आहे ते एका संस्थेपुरते नाही, आणि जो दोष दाखवावा लागेल त्यातील मोठा वाटा आमच्या पदरी आहे.

खरे सांगावयाचे तर आम्ही शाळा पाहण्यासाठी गेलोच नव्हतो. आम्ही एका पाटीची चौकशी करण्यासाठी गेलो होतो. जुन्या शहरातील एका वाड्यात ही संस्था मराठी शाळा म्हणून सुरू झाली, तेव्हा ज्यांनी वर्गणी दिली त्यांची नावे कोरलेली संगमरवरी पाटी जिन्याच्या तोंडाशी बसवलेली होती. कुणाच्या नावापुढे पंचवीस रुपये, कुणापुढे एक महिन्याचा पगार. एका बाईंच्या नावापुढे रकमेऐवजी ‘दोन पाटल्या’ एवढेच कोरलेले आहे. आमच्यापैकी तिघांच्या आजोबांची नावे त्या पाटीवर आहेत. पुढे मराठीचे वर्ग एकामागून एक बंद पडले, वाडा विकला गेला, आणि त्या पैशांत कर्जाची व देणग्यांची भर घालून ही इमारत झाली. तेव्हा पाटी आता कुठे बसवणार, एवढेच आम्हांला विचारायचे होते.

मुख्याध्यापिकाबाईंनी आणि एका विश्वस्तांनी मोठ्या अगत्याने स्वागत केले. ‘आधी शाळा तर पाहा, मग पाटीचे बोलू,’ असे विश्वस्त म्हणाले, आणि आम्ही त्यांच्यामागून निघालो.

इमारत चांगली आहे, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. प्रवेशद्वाराशी पायऱ्यांबरोबरच चाकांच्या खुर्चीसाठी उतार आहे. मार्गिका इतक्या रुंद आहेत की चार मुले खांद्याला खांदा लावून चालू शकतील. दोन्ही टोकांना जिने, आणि वर्गांची दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या तीन वेगळ्या प्रयोगशाळा. रसायनशास्त्राच्या दालनात विषारी वाफा बाहेर खेचून घेणारे धुराडे आहे आणि डोळ्यांत काही उडाले तर ते धुण्यासाठी स्वतंत्र नळ आहे. एका खोलीत मुलांनी हाताने काही घडवावे म्हणून सुट्या भागांच्या पेट्या आणि एक थ्री-डी प्रिंटर. प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड, छतावर सौर पट्ट्या, अंगणाखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके. मजल्यामजल्यावर मुलींची स्वच्छतागृहे, आत कचऱ्याची झाकणाची पेटी आणि सॅनिटरी पॅड देणारे यंत्र.

हे सारे पाहता पाहता आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, थोडे उपरोधाने म्हणाले, ‘आम्ही शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून शिकलो. आमचे काही अडले नाही.’ आम्ही हसलो. परंतु आमच्यासोबत एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या हसल्या नाहीत. ‘तुमचे अडले नाही, नाना,’ त्या म्हणाल्या. ‘ज्यांचे अडले ते आज इथे सांगायला आलेले नाहीत. माझी मोठी बहीण बाराव्या वर्षी शाळेतून घरी बसली. शाळेत मुलींना आडोसा नव्हता, एवढेच कारण. पुढे सत्तर वर्षे जगली, पण सही करताना प्रत्येक वेळी लाजायची.’

या उत्तरावर आम्ही पुढे बराच विचार केला. आपल्या पिढीला साधेपणाचा अभिमान आहे आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. परंतु ‘आम्ही त्याशिवाय शिकलो’ ही साक्ष नेहमी शिकलेलेच देत असतात. जे गळाले त्यांची साक्ष कुणी घेतलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाला २०१२ साली देशातील सर्व शाळांना पिण्याचे पाणी व मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे पुरवण्याचा आदेश द्यावा लागला, तो उगीच नव्हे. २००४ साली तामिळनाडूत कुंभकोणम येथे एका शाळेला आग लागून चौऱ्याण्णव मुले दगावली. २६ जानेवारी २००१ चा भूकंप तर आपल्या गुजरातचा. त्या सकाळी कच्छमध्ये अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताक दिनाची फेरी घेऊन निघालेली मुले दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. बडोद्यातही आम्ही त्या दिवशी घराबाहेर धावलो होतो. ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांनी रुंद मार्गिका आणि दोन जिने यांना चैन म्हणू नये. गरिबीत शिकणाऱ्याच्या जिद्दीचे कौतुक जरूर करावे, पण ती जिद्द पाहता यावी म्हणून गरिबी राखून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तळमजल्यावर पाण्याचे नळ होते. भिंतीला लागून एक लांब पन्हळ, वर शुद्ध केलेल्या पाण्याच्या बारा तोट्या, आणि बुटक्या मुलांसाठी एका टोकाला थोडी खाली बसवलेली एक. शिक्षिकाबाई तिथे थांबल्या आणि त्यांनी एक तोटी सोडून पाहिली. बोलल्या काहीच नाहीत. परंतु आमच्यापैकी एकाधिक जणांच्या मनात त्या क्षणी एकच आठवण आली, हे परतताना रिक्षात कळले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेचे वर्णन केले आहे. बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा, तो संध्याकाळी परत न्यायचा, कारण शाळा झाडणारा त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर शिक्षकांची परवानगी पुरेशी नव्हती. शिपाई असेल तर तो नळ सोडणार, नसेल तर पाणी नाही. त्या शाळेत नळ होता, म्हणजे सुविधा होती. प्रश्न नळाचा नव्हताच. तो कुणाच्या हाताने आणि कुणासाठी सुटतो, हा होता.

पुढचा प्रसंग तर आपल्या शहरातील आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू होण्यासाठी परतले, तेव्हा राहण्यास त्यांना घर मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी काही दिवस काढले. ओळख उघड झाल्यावर तिथून हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू व ख्रिस्ती मित्रांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे काही तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. राज्याने शिष्यवृत्ती दिली होती, नोकरी दिली होती. शहराने एक खोली दिली नाही. त्या दिवशी त्यांना आसरा मिळाला तो सार्वजनिक बागेत, कारण तिथे नाव विचारणारा कुणी नव्हता. आम्ही लहानपणापासून ज्या बागेत फिरायला जातो, तिची ही आठवण आम्हांला फार उशिरा कळली. आमच्या घरांत ती सांगितली जात नसे.

आपल्याकडे सांगितले जाते ते दुसरे, आणि तेही खरे आहे. १८९३ साली अमरेली तालुक्यातील निवडक गावांत आणि १९०६ साली साऱ्या राज्यात महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असेच विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक पुढल्या वर्षी नामंजूर झाले. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले गेले, आणि फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या. या इतिहासाचा आपल्याला अभिमान आहे. तथापि त्याच इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांना त्या काळी अंत्यज म्हटले जाई त्यांच्या मुलांसाठी महाराजांनी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या, पण त्यांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ साली आर्यसमाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना त्या शाळांच्या कामासाठी आणावे लागले. म्हणजे इमारत, पगार, पुस्तके, सारे राजाने दिले होते. उणीव होती ती उंबरठा ओलांडायला तयार असलेल्या माणसाची. ते नाकारणारे शिक्षक कोण होते, याची यादी आम्ही पाहिलेली नाही. परंतु राज्याच्या शाळाखात्यात आमच्या ज्ञातिबांधवांची संख्या काय होती हे आम्हांला ठाऊक आहे, म्हणून ते कुणी परके होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

या विचारांत असतानाच आम्ही ग्रंथालयात शिरलो. सागवानी कपाटे, काचेची दारे, प्रत्येकाला कुलूप. शिक्षिकाबाईंनी सहज विचारले, ‘आठवीची मुले आत्तापासून येतात का इथे?’ संस्थेची पहिली ते आठवीची शाळा शेजारच्याच इमारतीत काही वर्षांपासून चालू आहे. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘ज्यांचे नववीचे प्रवेश निश्चित झालेत त्यांना दाखवून आणले.’ आणि मग काहीसे संकोचाने पुढे म्हणाल्या, ‘दहा-बारा मुलांचे काय होते ते पाहायचे.’

ही दहा-बारा मुले कोण, ते आम्हांला तेव्हा कळले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याअन्वये खासगी विनाअनुदानित शाळांना पहिलीच्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्या लागतात, आणि त्यांच्या शुल्काची भरपाई सरकार ठरावीक दराने करते. परंतु हा हक्क सहा ते चौदा वर्षे वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत बारावीपर्यंतचे शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. मात्र कायद्याने दिलेला हक्क आठवीच्या निकालाबरोबर संपतो, आणि हायस्कूल नेमके तिथेच सुरू होते. दाहोद-पंचमहालातून बांधकामावर आलेल्या मजुरांची, रिक्षावाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची ही मुले आठ वर्षे याच संस्थेत, याच सोबत्यांबरोबर शिकली. आता नववीचे शुल्क भरा किंवा दुसरी शाळा शोधा, असे पत्र त्यांच्या घरी गेले आहे.

विश्वस्तांची बाजू आम्ही शांतपणे ऐकून घेतली, आणि ती इथे प्रामाणिकपणे मांडणे आमचे कर्तव्य आहे. ते म्हणाले, ‘कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातो. धुराडे हवे, दोन जिने हवेत, चांगला शिक्षक हवा, म्हणजे शुल्क हवे. आम्ही कुणाला हाकलीत नाही. कायद्याने जेवढे सांगितले तेवढे केले. सगळ्यांना फुकट द्यायला गेलो तर कुणालाच चांगले देता येणार नाही.’ सोबतच्या दुसऱ्या एका गृहस्थांनी आणखी एक सूचना केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. आपण गुजरातेत भाषिक अल्पसंख्य आहोत, तशी मान्यता घेतली तर हा पेच पहिलीपासूनच उरणार नाही.

पहिल्या युक्तिवादात तथ्य आहे. पैशावाचून शाळा चालत नाही, आणि वाईट शिक्षण सर्वांना सारखे वाटणे म्हणजे न्याय नव्हे. तरीही आम्हांला तो पुरा पटला नाही. ज्याला दार कधीच उघडले नाही त्याच्यावर अन्याय होतो. परंतु ज्याला सहाव्या वर्षी आत घेतले आणि चौदाव्या वर्षी त्याच दाराशी थांबवले, त्याच्या बाबतीत अन्यायाबरोबर वचनभंगही होतो. आठ वर्षे एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना आपण एकच आहोत असे शाळेने शिकवले. नवी इमारत त्यांतल्या एकाला सांगणार की ते तेवढ्यापुरते होते. कायदा आठवीला थांबला म्हणून कर्तव्यही तिथेच थांबते असे मानणे सोयीचे आहे. कायदा आपल्याला किमान काय केलेच पाहिजे ते सांगतो. त्यापुढे काय करावे हे विचारण्याची जागा तो रिकामी ठेवतो, आणि ती भरणे आपल्याकडे असते. सुविधा वाढतात तसे शुल्क वाढते, शुल्क वाढते तशी माणसे गळतात. हा क्रम पर्जन्यासारखा नैसर्गिक नाही, माणसांनी बैठकीत बसून ठरवलेला आहे. इमारतीचा नकाशा काढताना उतार किती अंशांचा असावा याचा हिशेब झाला. त्याच कागदावर आठवीतून येणाऱ्या या मुलांच्या जागांचा हिशेब झाला असता, तर कदाचित कपाटे सागवानाऐवजी लोखंडाची झाली असती. एवढाच फरक पडला असता.

दुसऱ्या सूचनेविषयी मात्र आम्हांला लाज वाटली. राज्यघटनेने भाषिक अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क दिला तो त्यांची भाषा जगावी म्हणून. मराठीचे वर्ग बंद केल्यावर त्याच मराठीच्या नावाने गरिबांसाठी दार लावून घ्यायचे, याला काय म्हणावे? आणि ते वर्ग बंद तरी कुणी पाडले? सरकारने नव्हे, विश्वस्तांनीही नव्हे. आम्ही पाडले. गेल्या चाळीस वर्षांत आमच्यापैकी एकानेही आपले मूल त्या वाड्यातील मराठी शाळेत घातले नाही. दिवाळी अंकांची वर्गणी आम्ही नेमाने भरली, मराठी नाटकाचे प्रयोग केले, आणि मुलांच्या हाती इंग्रजी पुस्तके देऊन निश्चिंत झालो. त्यात मुलांचे हित आम्ही पाहिले, त्याबद्दल आता रडून उपयोग नाही. पण ज्यांनी पटसंख्या शून्यावर आणली, त्यांनी पाटीवरच्या नावांचे वारस म्हणून हक्क सांगावा, हे कितपत शोभते?

परतताना रिक्षात वाद झाला. कुणी म्हणाले, ही जबाबदारी सरकारची आहे. ती आहेच. परंतु सरकार जागे होईपर्यंत यंदाची आठवी थांबणार नाही. कुणी म्हणाले, मराठी माणसांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेने इतरांच्या मुलांचा भार का वाहावा? यावर उत्तर नानांनीच दिले, ज्यांनी सकाळी सारवलेल्या जमिनीचा दाखला दिला होता. ‘माझे आजोबा कोकणातून इथे आले तेव्हा त्यांच्याजवळ एक वळकटी होती. ते गायकवाडी शाळेत फुकट शिकले. त्या शाळेचा खर्च कशातून चाले? इथल्या कुणब्याच्या, पाटीदाराच्या शेतसाऱ्यातून. त्याने विचारले नाही, हा कोणाचा मुलगा म्हणून.’ यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही.

आम्हांला वाटते, प्रश्नाचे मर्म इथे आहे. बाहेरून येऊन एखाद्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला ऋणाचा हिशेब थोडा निराळा मांडावा लागतो. ज्यांनी आपल्याला दिले त्यांना ते परत करता येत नाही, कारण ते गेले. त्यांच्या वंशजांना शोधूनही देता येत नाही. ते ऋण फेडण्याचा एकच मार्ग उरतो. आज जो वळकटी घेऊन आला आहे, त्याच्या मुलाला जागा द्यायची. पाटल्या देणाऱ्या त्या बाईंना शिकता आले होते की नाही, आम्हांला माहीत नाही. परंतु कोणत्या मुलांसाठी देता, असे त्यांना कुणी विचारल्याची नोंद पाटीवर नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही संस्थेला पत्र लिहिले. त्यात तीन गोष्टी मागितल्या. आठवीपर्यंत शिकलेल्या कोणत्याही मुलाला केवळ शुल्कासाठी नववीत अडवू नये, आणि त्यासाठी दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असावी. शाळा सुटल्यावर दोन तास ग्रंथालय व प्रयोगशाळा जवळच्या सरकारी शाळेच्या मुलांना खुल्या ठेवाव्यात. कपाटांची कुलुपे काढावीत. सोबत, यंदाच्या मुलांपैकी काहींचे शुल्क आम्ही सभासद वाटून घेऊ असेही कळवले. नुसती मागणी करणे सोपे असते, म्हणून हे शेवटचे लिहिणे भाग होते. आजपर्यंत चार मुलांची सोय झाली आहे. उरलेल्यांची झालेली नाही. ग्रंथालयाबद्दल ‘विचाराधीन’ असे उत्तर आले आहे. अल्पसंख्य मान्यतेचा विषय पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर अजून आहे, आणि त्या सभेला आम्ही जाणार आहोत.

पाटीबद्दल आम्ही पत्रात काहीच लिहिले नाही. ती पहारेकऱ्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली आहे, असे निघताना कळले होते. बसवतील तेव्हा बसवतील.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील अशाच जुन्या संस्थांचे सभासद आहेत, काही विश्वस्तही आहेत. त्यांच्याकडेही नव्या इमारती होत असतील, उद्‌घाटनांची निमंत्रणे येत असतील. त्यांनी जरूर जावे, प्रयोगशाळा पाहाव्यात, स्वच्छतागृहे पाहावीत, मनापासून वाखाणणी करावी. आणि निघण्यापूर्वी कार्यालयात एकदा विचारावे, आठवीनंतर इथून किती मुले जातात, आणि कुठे जातात. जूनला अजून अवकाश आहे.